‘मित्राची गोष्ट’ : धोका कोणाला?

विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या नाटकाच्या नावापाशीच थोडे थांबावे लागते. ‘मित्र’ या शब्दाचे षष्ठीचे रूप ‘मित्राची’. नायिका सुमित्राच्या ‘मित्रा’ या हाकेच्या नावाचेही तेच. मग गोष्ट मित्रा नावाच्या मुलीची, की बापू नावाच्या मित्राची?

1981 साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनाखाली हे नाटक रंगमंचावर आले. मित्राची भूमिका रोहिणी हट्टंगडी यांची होती. स्त्रीचे स्त्रीवरील प्रेम हा विषय एवढा धीट, की चर्चा त्याच्याचभोवती फिरली. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ किंवा ‘घाशीराम कोतवाल’ यांच्या रचनेवर भरभरून लिहिले गेले, याच्या रचनेकडे मात्र दुर्लक्ष झाले. ती रचना मानसिक थरारनाट्याची आहे.

काळ चाळीसच्या दशकातला. बुजऱ्या बापूची कॉलेजातल्या बेधडक मित्राशी ओळख होते. आधी तो फक्त तिचे गुपित ऐकतो. पुढे मित्रा आणि नमा यांना भेटण्यासाठी स्वतःची खोली देतो. खोली उसनी देणे ही साधी मदत नव्हे. आमच्या पाथर्डीसारख्या गावात आजही त्यात देणाऱ्याची अब्रू तारण पडते. मग नमावर हक्क सांगणारा दळवी आडवा येतो. प्रत्येक मदत लहान असते, पण ती केल्यावर पुढच्या वेळी ‘नाही’ म्हणणे अधिक अवघड होते. प्रेक्षकाला धाकधूक लागते ती एवढीच : बापू कुठवर जाईल?

पॅट्रिशिया हायस्मिथच्या ‘स्ट्रेंजर्स ऑन अ ट्रेन’ (1950) या कादंबरीत आगगाडीतली ओळख एका सरळ माणसाला खुनापर्यंत नेते. तिथे नवा मित्रच घातकी आहे. तेंडुलकर हाच साचा घेतात आणि उलटा करतात. जग मित्राला धोकादायक ठरवते, बापूही तिला घाबरत जातो. पण अखेरीस जीव जातो तो मित्राचा, तिच्याच हातून. बापू मागे उरतो, गोष्ट सांगायला.

म्हणूनच त्याच्या निवेदनाकडे नीट पाहायला हवे. बापू वाईट नाही. तो पुष्कळ सोसतो. पण जिथे त्याची सर्वांत जास्त गरज होती, तिथे तो कमी पडतो. सगळे निवेदन त्याच्याच तोंडी असल्याने ते एका वाचलेल्या माणसाची जबानी होते. मित्राला स्वतःची बाजू प्रेक्षकांसमोर मांडण्याची अशी जागा मिळतच नाही.

नाटकात उणिवा आहेत. नमा पुरेशी उभी राहत नाही. तिची दोलायमानता दिसते, कारणे दिसत नाहीत. वेगळ्या वाटेच्या स्त्रीला अखेर मृत्यूच द्यायचा, हा शेवट आज खटकतो. तरीही हे नाटक जुने झालेले नाही. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंध गुन्ह्याच्या यादीतून काढले. कायद्याचे भय गेले. पण मित्राच्या बाजूने शेवटपर्यंत उभे राहायचे की नाही, हा बापूपुढचा प्रश्न कोणतेही न्यायालय सोडवणार नाही. नावातली गोष्ट त्या मित्राचीही आहे.