नवाचा नियम: तक्ता काय सांगतो, काय सांगत नाही

भाजलेला रुग्ण कॅज्युअल्टीत आला की पहिला हिशेब असतो अंग किती टक्के भाजलं याचा. त्यासाठी भिंतीवर एक आकृती असते. डोकं ९, एकेक हात ९, धडाची पुढची बाजू १८, पाठ १८, एकेक पाय १८ आणि जांघेतला भाग १. बेरीज बरोबर १००. वॉलेस यांनी १९५१ मध्ये मांडलेला हा 'नवाचा नियम' अजून टिकलाय, कारण घाईतही तो आठवतो. हे श्रेय आम्ही त्याला देतोच. आमचा आक्षेप वेगळा आहे. काय मोजायचं नाही, हे ही आकृती सांगत नाही.

नुसती लाल झालेली, फोड न आलेली कातडी या हिशेबात धरायची नसते. पण घाईत ती धरली जाते. आता पुढचं गणित बघा. पार्कलंड सूत्रानुसार पहिल्या २४ तासांचं सलाईन म्हणजे ४ मिलिलिटर गुणिले वजन गुणिले टक्के. साठ किलोचा माणूस २० टक्के भाजला, तर ४८०० मिलिलिटर. लाली धरून ३० टक्के लिहिलं, की झाले ७२००. जास्तीचं पाणी अंगात साठतं, सूज वाढते, फुप्फुसांवर ताण येतो.

लहान मुलांच्या बाबतीत तर आकृतीच चुकते. वर्षाच्या बाळाचं डोकं ९ नव्हे, १८ टक्क्यांच्या आसपास असतं. वयानुसार आकडे देणारा लुंड आणि ब्राउडर यांचा तक्ता १९४४ पासून आहे, म्हणजे वॉलेसच्याही आधीचा! सोपं ते भिंतीवर राहिलं, अचूक ते मागे पडलं.

तिसरी गोष्ट घड्याळाची. निम्मं सलाईन पहिल्या आठ तासांत द्यायचं, पण हे आठ तास भाजल्यापासूनचे, दवाखान्यात पोचल्यापासूनचे नव्हेत. गावाहून यायला तीन तास गेले, तर हातात पाचच उरतात. म्हणून भाजल्याची वेळ सोबतच्या माणसानं लक्षात ठेवलीच पाहिजे.

मग सूत्र टाकून द्यायचं का? नाही. ते सुरुवात करून देतं. पुढचा निकाल लघवीचं माप देतं. मोठ्या माणसात ताशी दर किलोला अर्धा मिलिलिटर, म्हणजे आपल्या साठ किलोच्या रुग्णाला साधारण ३०. कमी झाली तर सलाईन वाढवा, जास्त झाली तर कमी करा. आकड्याला चिकटून बसू नका.

आणि हा हिशेब बिघडायला सुरुवात घरातच होते. टूथपेस्ट, शाई, हळद फासली, की जखम किती खोल आहे ते डॉक्टरला दिसतच नाही. वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, बर्फ नको, मग स्वच्छ कापड आणि थेट दवाखाना. एवढं आपण केलं, तर भिंतीवरचा तो तक्ता निदान खऱ्या जखमेवर वापरला जाईल.