चिंतामणराव देशमुख : एका राजीनाम्याचें मोल

चिंतामणराव देशमुखांचें नांव निघालें, कीं महाराष्ट्रांतील सुशिक्षित माणसास प्रथम आठवतो तो १९५६ सालचा त्यांचा राजीनामा. मुंबईसाठीं अर्थमंत्रिपद झुगारून देणारा बाणेदार पुरुष ही त्यांची प्रतिमा घरोघरीं रुजली आहे, आणि ती खोटी नाहीं. परंतु एकाच कृतीच्या तेजानें डोळे दिपले म्हणजे उरलेली कारकीर्द दिसेनाशी होते, आणि पुष्कळदां त्या कृतीचा खरा अर्थही हातचा निसटतो.

महाडजवळच्या नाते गांवीं १८९६ सालीं जन्मलेले चिंतामणराव १९१२ सालीं मॅट्रिकच्या परीक्षेंत पहिले आले. पुढें केंब्रिजला वनस्पतिशास्त्राचा अभ्यास, १९१८ सालीं आय. सी. एस. परीक्षेंतही पहिला क्रमांक, मध्यप्रांत-वऱ्हाडांतील नोकरी, १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर आणि १९५० सालीं अर्थमंत्री, असा हा चढता क्रम आहे. कुलाब्यांतून ते लोकसभेवर निवडून आले १९५२ सालीं. म्हणजे वयाचीं पंचावन्न वर्षें उलटेपर्यंत त्यांस मतदारापुढें उभें राहण्याचा प्रसंगच आला नव्हता. ते वर आले ते गुणवत्तेच्या शिडीनें, लोकमताच्या नव्हे. १९५५ सालीं इंपीरियल बँकेची स्टेट बँक झाली व १९५६ च्या आरंभीं आयुर्विम्याचा धंदा सरकारच्या ताब्यांत आला, हीं त्यांच्या मंत्रिपदाच्या काळांतील टिकाऊ कामें होत.

आतां राजीनाम्याकडे वळूं. जानेवारी १९५६ मध्यें पंडित नेहरूंनीं मुंबई केंद्रशासित होणार असल्याचें जाहीर केलें. शहरांत गोळीबार होऊन माणसें मेलीं. चिंतामणरावांनीं राजीनामा दिला, आणि जुलैंत लोकसभेंत त्याचीं कारणें सांगितलीं. हा निर्णय मंत्रिमंडळापुढें रीतसर आला नाहीं, व गोळीबाराची चौकशी नाकारण्यांत आली, हे त्यांचे मुख्य आक्षेप होते. पहिला आक्षेप नेहरूंस मान्य नव्हता. पण त्याचें स्वरूप लक्षांत घेण्याजोगें आहे. जनतेच्या मनांत मुंबई हा प्राणाचा प्रश्न होता. चिंतामणरावांच्या तोंडीं त्यास कारभाराच्या शिस्तीचें रूप आलें. हें त्यांचें न्यून मानण्याचें कारण नाहीं. नियम पवित्र मानणाऱ्या माणसाचा संताप असाच प्रकट होतो.

राजीनाम्यानंतर मात्र ते चळवळीच्या आघाडीवर दिसले नाहींत. तो भार एस. एम. जोशी, कॉम्रेड डांगे, आचार्य अत्रे यांनीं उचलला, आणि १९६० सालीं मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. चिंतामणराव विद्यापीठ अनुदान आयोगाकडे व पुढें दिल्ली विद्यापीठाच्या कुलगुरुपदाकडे गेले. १९६९ सालीं ते राष्ट्रपतिपदासाठीं उभे राहिले, तेव्हां तिसऱ्या स्थानावर राहिले. यावरून कोणी त्यांस पळपुटे म्हणेल, तर तो अन्याय होईल. आमच्या मतें त्यांच्या सामर्थ्याचें आणि मर्यादेचें मूळ एकच आहे. पदावांचून ज्याचें कांहीं अडत नाहीं, तोच तें सहज सोडूं शकतो. पण ज्यास लोकांनीं घडविलेलें नाहीं, त्याच्या पाठोपाठ लोक निघत नाहींत. खुर्चीला चिकटून बसणाऱ्यांच्या गर्दींत त्यांचा राजीनामा आजही मापदंड म्हणून उभा आहे. मुंबई मात्र त्या मापदंडानें मिळाली नाहीं.

आपला मध्यम वर्ग त्यांस इतका कां पूजतो, याचें उत्तरही यांतच आहे. परीक्षेंत पहिला, हाताचा स्वच्छ, आणि गर्दीपासून चार पावलें दूर, हें आपलेंच आवडतें चित्र आहे. पहिले दोन गुण मुलांस अवश्य शिकवावे. तिसऱ्यास गुण समजण्यापूर्वीं मात्र, त्या वर्षीं मुंबईच्या रस्त्यांत कोण उभें होतें, हेंही त्यांस सांगावें.