दायमाबादची धातुशिल्पे : कालनिर्णयाचा प्रश्न

प्रवरेच्या तीरावरील दायमाबाद येथे १९७४ साली एका ग्रामस्थास झाडाचा बुंधा खणताना रथ, हत्ती, गेंडा व रेडा ही चार भरीव धातुशिल्पे मिळाली. त्यांचे एकत्रित वजन सुमारे ६० किलो आहे. ढवळीकरांनी परिस्थितिजन्य पुराव्यावरून ती उत्तर-हडप्पा काळातील मानली. पुढे साळी यांच्या उत्खननात तेथे त्या काळाची वस्ती असल्याचे निश्चित झाले. तथापि थरावरून वस्तीचा काळ सिद्ध होतो. थराशी संबंध तुटलेल्या वस्तूचा नव्हे.

उलट, शिल्पांतील आर्सेनिकचे प्रमाण एक टक्क्याहून अधिक असून अन्य ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत असे मिश्रण आढळत नाही, असा आक्षेप डी. पी. अग्रवाल यांनी घेतला. तो विचारार्ह खरा. परंतु लहानसहान हत्यारे व ही अवजड ओतीव शिल्पे यांची तुलना कितपत समतोल मानावी? शिवाय हा पुरावा अभावात्मक होय.

तात्पर्य, दोन्ही पक्ष संभाव्यतेपलीकडे जात नाहीत. असे असता पाठ्यग्रंथांनी ‘उत्तर-हडप्पा’ हे विशेषण निःशंकपणे योजणे अभ्यासशिस्तीस धरून नाही. शिल्पांचे सौंदर्य निर्विवाद आहे. काळ मात्र विवाद्यच म्हटला पाहिजे.