कै. शंकरराव चव्हाण : वकील आणि राज्यकर्ते

मराठींत राजकारणी पुरुषांवर जें लिहिलें जातें तें बहुधा गौरवाचें असतें किंवा निंदेचें. ज्यास परीक्षण म्हणावें तें क्वचितच होतें. कै. शंकरराव चव्हाण यांच्या वांट्यास गौरव विपुल आला. 'आधुनिक भगीरथ' ही पदवी तर आमच्या मराठवाड्यांत त्यांच्या नांवास इतकी चिकटली आहे कीं, तिचा अर्थ कोणी विचारीत नाहीं. ती पदवी खोटी आहे असें आमचें म्हणणें नाहीं. तिच्या आड त्यांच्यांतला वकील झांकला गेला, एवढीच आमची तक्रार आहे. आणि त्यांच्या कारकीर्दीचें माप त्या वकिलाच्याच अंगानें घेतलें पाहिजे असें आम्हांस वाटतें.

शंकररावांचा जन्म 14 जुलै 1920 रोजीं पैठण येथें झाला. कायद्याची पदवी त्यांनीं मिळविली ती निजामी अमलांत. पुढें स्वामी रामानंद तीर्थांच्या हांकेस ओ देऊन त्यांनीं वकिलीवर पाणी सोडलें, आणि सरहद्दीपलीकडील उमरखेडच्या केंद्रांतून मुक्तिसंग्रामाचें काम केलें. त्यानंतरचीं पदें वाचकांस ठाऊकच आहेत : राज्यांत पाटबंधारे मंत्री; 1975 ते 1977 आणि 1986 ते 1988 असे दोनदां मुख्यमंत्री; दिल्लीस शिक्षण, नियोजन, संरक्षण, अर्थ व दोनदां गृह. त्यांतील दुसरें गृहमंत्रिपद 1991 ते 1996 असें पुरीं पांच वर्षें टिकलें. नांदेडच्या राजकारणांतून निघालेल्या गृहस्थानें एवढीं खातीं संभाळावीं, ही सामान्य गोष्ट नव्हे.

लोक त्यांस 'हेडमास्तर' म्हणत. आमच्या मतें हें नांव थोडें चुकलें आहे. मास्तर शिष्यास वळण लावूं पाहतो. शंकररावांस शिष्यांची फारशी हौस नव्हती. त्यांचें लक्ष कागदावर असे. 1986 च्या सुमारास त्यांनीं राज्याच्या अर्थसंकल्पास 'शून्याधारित' पद्धति लावली. गेल्या वर्षीं खर्च झाला म्हणून यंदाही तो व्हावा, हें न मानतां प्रत्येक बाबीनें आपली आवश्यकता नव्यानें सिद्ध करावी, हें तिचें तत्त्व. पुराव्याचा भार मागणी करणाऱ्यावर टाकण्याची ही रीत कोर्टांतलीच आहे. तिनें शंकररावांस मित्र मिळाले नाहींत, यांत नवल तें काय?

परंतु हाच वकील दोन प्रसंगीं आम्हांस दिसत नाहीं. पहिला प्रसंग आणीबाणीचा. जून 1975 ते मार्च 1977 हा सारा काळ ते मुख्यमंत्री होते. चौकशीवांचून माणसें स्थानबद्ध होत होतीं, आणि एप्रिल 1976 मध्यें खुद्द सर्वोच्च न्यायालयानेंच त्यांस दाद मागण्याची वाट बंद केली. ज्यानें निजामाच्या जुलमाविरुद्ध वकिली सोडली, त्याच्या सहीसरशीं हा कारभार चालावा, ही विसंगति गौरवग्रंथांतून बहुधा दोन ओळींत उरकली जाते.

दुसरा प्रसंग डिसेंबर 1992 चा. उत्तर प्रदेश सरकारनें बाबरी मशिदीच्या रक्षणाची हमी सर्वोच्च न्यायालयांत लेखी दिली होती, आणि केंद्रानें तिच्यावर विसंबण्याचें ठरविलें. वास्तु ताब्यांत घेण्याची योजना गृहखात्यानें आधींच तयार ठेविली होती, असें तेव्हांचे गृहसचिव माधव गोडबोले यांनीं पुढें लिहिलें आहे. अंतिम निर्णय पंतप्रधानांचा, हें खरें. तथापि प्रतिज्ञापत्राची किंमत तें करणाराच्या नियतीवर ठरते, हें वकिलाइतकें कोणास कळावें? त्या हमीच्या भंगाबद्दल मुख्यमंत्री कल्याणसिंग यांस 1994 मध्यें एक दिवसाची कैद झाली. खात्याची योजना दप्तरांत राहिली, आणि शंकरराव खात्यांत राहिले.

आतां जायकवाडी. मूळ योजना बीड जिल्ह्यांतील जायकवाडी गांवाजवळची. धरण पैठणास झालें तरी नांव जुनेंच राहिलें. 1965 मध्यें लालबहादुर शास्त्रींनीं पायाभरणी केली, 1976 मध्यें इंदिरा गांधींच्या हस्तें उद्घाटन झालें, आणि त्या वेळीं मुख्यमंत्रिपदीं शंकररावच होते. या कामामागें त्यांनीं जो चिवटपणा दाखविला त्याचें ऋण आम्हां अंबडकरांनीं तरी नाकारूं नये. डावा कालवा आमच्या तालुक्याच्या दक्षिण अंगानें परभणीकडे जातो. लांबी दोनशे किलोमीटरांवर. कोरडवाहू ज्वारी-कापसाच्या या काळ्या रानांत ऊंस उभा राहिला, आणि अंकुशनगरास साखर कारखाना निघाला, तो या पाण्याच्याच बळावर. शंकररावांच्या मनांत मात्र ऊंस नव्हता. थोडें पाणी पुष्कळ शेतांस मिळावें म्हणून त्यांनीं आठमाही सिंचनाचा आग्रह धरला. पाणी आलें, आग्रह मागें राहिला.

तो कां मागें राहिला, याचें उत्तर आम्हांस एका कायद्यांत सांपडतें. उद्घाटनाच्याच वर्षीं, त्यांच्याच मुख्यमंत्रिपदांत, महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम झाला. पण नियमांवांचून कायदा म्हणजे दारांवांचून घर. आणि या कायद्याचे नियम तीन दशकें उलटलीं तरी झाले नाहींत. कारभार जुन्याच नियमांवर रेटला गेला. हा दोष एकट्या शंकररावांचा नव्हे. त्यांच्यानंतर आलेल्या सर्वांचा त्यांत वांटा आहे. पण ते स्वतः कायदेपंडित होते, पाटबंधारे खातें त्यांस तोंडपाठ होतें, आणि 1986 मध्यें मुख्यमंत्रिपद पुन्हां त्यांच्या हातीं आलें. इतरांस जी सबब चालेल ती त्यांस चालणार नाहीं. वचक हाच कायदा, असें त्यांस वाटलें असावें. आणि वचक माणसाबरोबर जातो.

नाशिक-नगरकडील धरणांनीं आधीं भरून घ्यावें, आणि अवर्षणांत पैठणनें आभाळाकडे पाहावें, हा तंटा म्हणूनच मोकळा राहिला. शंकरराव 26 फेब्रुवारी 2004 रोजीं निवर्तले. जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाचा कायदा त्यानंतर 2005 मध्यें झाला. ऑक्टोबरच्या मध्यास जायकवाडींत 65 टक्क्यांहून कमी पाणी असल्यास वरच्या धरणांतून सोडावें, असें त्या प्राधिकरणानें 2014 मध्यें ठरविलें, आणि त्यावरील वाद मुंबई उच्च न्यायालयांत 2016 पर्यंत चालला. न्यायालयानें मराठवाड्याचा हक्क मानला. भगीरथाच्या पाण्यासाठीं अखेर वकीलच उभे करावे लागले.