औरंगाबादेंतील बिकानेरचे पुरे व नकाशांतील एकरंग

हैदराबाद संस्थानाचे जे नकाशे इतिहासग्रंथांस जोडलेले आढळतात, त्यांत औरंगाबादेचा (आतांचें छत्रपति संभाजीनगर) परिसर बहुधा एकाच रंगांत दाखविलेला असतो. हा एकरंग वस्तुस्थितीस सोडून आहे, असें आमचें मत आहे.

मोगलांच्या चाकरींत दक्षिणेस आलेले बिकानेरचे राजे करणसिंह (राज्यकाल १६३१-१६६९) यांच्या नांवानें येथें करणपुरा वसला. पदमपुरा व केसरीसिंहपुरा हीं नांवें त्यांच्या पुत्रांचीं होत. पुढें अंमल निजामाचा झाला, तरी हे पुरे बिकानेरकडेच राहिले. १९०४ त छावणीच्या सोयीसाठीं इंग्रज सरकारनें ते घेतले व मोबदला म्हणून हिस्सार जिल्ह्यांतील बाबलवास व रत्ताखेडा हीं दोन गांवें आणि २५,००० रुपये बिकानेरास दिले. सारांश, १९०३ चा व १९०५ चा नकाशा एकच असूं शकत नाहीं.

लहान प्रमाणाच्या नकाशांत इतकीं बारीक स्थळें मावत नाहींत, असा बचाव होईल. तो खरा, परंतु मग कोपऱ्यांत मोठ्या प्रमाणाचा पुरवणी-नकाशा द्यावा व त्यावर साल घालावें. शिवाय वसूल, न्यायाधिकार व लष्करी वहिवाट यांच्या हद्दी एकच होत्या असें गृहीत धरूं नये. शिवा जेथें मिळतात ती जागा तर्कानें नव्हे, कागदानें ठरते. आज पदमपुरा शहरांत मिसळला आहे व करणपुरा देवीच्या नवरात्रयात्रेनें ओळखला जातो. म्हणून ज्यांच्या दप्तरांत या पुऱ्यांचे हद्दमहजर असतील, त्यांनीं ते उजेडांत आणावे.