‘चॅनेल कसं वाढवावं’ सांगणाऱ्या व्हिडिओंचा छेद कुठे आहे?

दादर स्टेशनला पश्चिमेकडे उतरलात की क्लासेसचे बॅनर दिसतात. फोटो, नाव, टक्के किंवा रँक. वीस-पंचवीस हसरे चेहरे. त्या वर्षी क्लासला एकूण किती मुलं बसली होती, हा आकडा त्या बॅनरवर कुठेच नसतो. शाळेतल्या भाषेत सांगायचं तर अंश छापलाय, छेद गायब आहे. तुम्ही नेट-सेटचा अभ्यास करत असाल किंवा पीएचडीची मुलाखत देणार असाल, तर हा बॅनर वाचायला तुम्हाला एव्हाना शिकवलेलं असतं. तरीही तोच बॅनर व्हिडिओच्या रूपात समोर आला की आपण फसतो. मीही फसले. कशी, ते पुढे सांगते.

निमित्त असं झालं की माझ्या एका ज्युनिअरची फेलोशिप काही महिने अडकली होती. परळला चहाच्या टपरीवर तो म्हणाला, “ताई, मी लाइफ सायन्सच्या नेटसाठी मराठीत यूट्यूब चॅनेल सुरू करतोय. वर्षभरात मॉनेटाइझ होईल. बघा, या माणसाने सगळं सांगितलंय.” आणि त्याने मला एक वीस मिनिटांचा व्हिडिओ पाठवला. नंतर मी तशाच धाटणीचे आणखी बरेच पाहिले, मराठी आणि हिंदी. कोणाचं नाव घेत नाही, कारण मुद्दा एका माणसाचा नाही. सगळ्यांचा सांगाडा एकच: मी शून्यातून सुरू केलं, रोज व्हिडिओ टाकला, एकच विषय धरला, थंबनेलवर मेहनत घेतली, आज माझे इतके लाख सबस्क्रायबर आहेत, तुम्हीही करू शकता.

पेपर म्हणून रिव्ह्यूला आला असता तर आपण काय लिहिलं असतं? सॅम्पल साइज एक. कंट्रोल नाही. आणि लेखकाचा हितसंबंध उघड आहे, कारण सल्ल्याचा व्हिडिओ जितका बघितला जातो तितके त्याचेच पैसे वाढतात. पण हे फार सोपे आक्षेप झाले. मला जास्त खटकतो तो ‘सातत्य’ हा शब्द.

“सातत्य ठेवा, यश येईल.” समजा आपण खरंच शंभर यशस्वी चॅनेल घेतले आणि त्यांत सातत्य दिसलं. आता कारण कोणतं आणि परिणाम कोणता? ज्याच्या तिसऱ्या-चौथ्या व्हिडिओला दहा हजार व्ह्यूज आले, तो पाचवा टाकणारच. ज्याच्या पंधराव्याला अठरा आले (त्यातले चार घरचे), तो कधीतरी थांबणार. म्हणजे यशामुळे सातत्य आलं असण्याचीही तितकीच शक्यता आहे. हे वेगळं काढायचं तर सातत्य ठेवूनही बुडालेले चॅनेल हवेत. ते कुठे आहेत? ते व्हिडिओ बनवून सांगत नाहीत, आणि सांगितलं तरी तो व्हिडिओ तुमच्यापर्यंत पोचत नाही. गूगलच्या कव्हिंग्टन, अॅडम्स आणि सार्गिन यांनी २०१६ मध्ये यूट्यूबच्या शिफारसयंत्रणेवर पेपर लिहिला होता. त्यात व्हिडिओंचा क्रम लावताना प्रेक्षक किती वेळ बघेल याचा अंदाज बांधला जातो, हे स्पष्ट आहे. न बघितल्या जाणाऱ्या माणसाची गोष्ट त्या यंत्रणेतून तुमच्यासमोर येणं अवघडच. तुमचं सॅम्पल तुम्ही निवडलेलं नाही, ते तुमच्यासाठी निवडून आलंय.

एक उदाहरण आपल्या जवळचं घेऊ. भारतीय डिजिटल पार्टी, म्हणजे ‘भाडिपा’. २०१६ मध्ये सारंग साठ्ये, अनुषा नंदकुमार आणि पॉला मॅकग्लिन यांनी सुरू केलेलं चॅनेल. अमेय वाघ आणि निपुण धर्माधिकारी यांचं ‘कास्टिंग काउच’ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. काम चांगलं होतं, त्याबद्दल वाद नाही. पण सल्ल्यांच्या व्हिडिओत हे यश ‘मराठी कंटेंटला मागणी आहे, सातत्य ठेवा’ एवढ्या ओळीत आटोपतात, तेव्हा दोन गोष्टी गळतात. एक, ही मंडळी नाटक-सिनेमात काम करून आलेली होती. कॅमेऱ्यासमोर उभं राहणं, लिहिणं, ओळखीतल्या कलाकाराला फोन करून बोलावणं हे भांडवल आधीपासून होतं. दोन, वर्ष बघा. ५ सप्टेंबर २०१६ ला जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइल डेटा एकदम स्वस्त झाला. घराघरात आई-बाबा फोनवर व्हिडिओ बघायला लागले. त्या वर्षी सुरू झालेल्या चॅनेलची तुलना आज सुरू होणाऱ्या चॅनेलशी करणं म्हणजे दोन वेगळ्या तापमानांना केलेल्या रिअॅक्शनचं यील्ड एकाच तक्त्यात लिहिणं. शिवाय अशा गटांचं उत्पन्न फक्त यूट्यूबच्या जाहिरातींवर नसतं, प्रायोजित व्हिडिओ असतात, लाइव्ह शो असतात. ते वीस मिनिटांच्या सल्ल्यात येत नाही.

आता माझी चूक. ज्युनिअरला परावृत्त करायचं म्हणून मी रुबाबात सांगितलं, “अरे, साडेशहाण्णव टक्के यूट्यूबर दारिद्र्यरेषेच्या वर जात नाहीत. पेपर आहे.” पेपर खरंच आहे. जर्मनीतल्या ओफेनबुर्गच्या मथियास बेर्टल यांनी २०१८ मध्ये ‘कन्व्हर्जन्स’ या नियतकालिकात दहा वर्षांच्या यूट्यूबचं सांख्यिकी विश्लेषण छापलं. त्यांचा गाभ्याचा निष्कर्ष असा की सरासरी ८५ टक्के व्ह्यूज फक्त ३ टक्के चॅनेलना मिळतात. ९६.५ टक्क्यांचा आकडा बातम्यांतून फिरला. संध्याकाळी नीट वाचत बसले तेव्हा दिसलं की त्या बातमीत रेषा अमेरिकेतल्या दारिद्र्याची आहे आणि हजार व्ह्यूजना एक डॉलर असा दर धरलाय. वरच्या ३ टक्क्यांत शिरायला महिन्याला १४ लाख व्ह्यूज, म्हणजे वर्षाला सुमारे १६,८०० डॉलर. परळमधल्या मुलाला ही रेषा लागू नाही, आणि हा दरही तसाच्या तसा लागू नाही, कारण जाहिरातीचा दर प्रेक्षक कोणत्या देशातला आहे यावर हलतो. मी आकडा उचलला आणि त्याचं एकक मागेच ठेवलं.

मग छेद शोधायला गेले आणि एक सुंदर पेपर सापडला. तो तुम्ही वाचाच, विषय तुमचा नसला तरी. ‘डायलिंग फॉर व्हिडिओज’, २०२३, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या रायन मॅकग्रेडी, ईथन झुकरमन आणि सहकाऱ्यांचा. त्यांचा प्रश्न साधा: यूट्यूबचं खरंखुरं रँडम सॅम्पल कसं काढायचं? सर्च करून चालणार नाही, कारण सर्च लोकप्रिय तेच वर आणतो. मग त्यांनी दूरध्वनी सर्वेक्षणातली जुनी युक्ती वापरली, म्हणजे आकडे मनाने लावून फोन फिरवायचा. प्रत्येक व्हिडिओला ११ अक्षरांचा आयडी असतो. शक्य आयडी एकूण २ चा ६४ वा घात, म्हणजे १८ वर १८ शून्यं लावल्यावर येईल त्याच्या जवळपास. त्यांनी संगणकाला यादृच्छिक आयडी तपासायला लावले. साधारण १८७ कोटी प्रयत्नांमागे एक खरा व्हिडिओ लागायचा. आता भागाकार तुम्हीच करा: एकूण आयडी भागिले १८७ कोटी. उत्तर ९८० कोटींच्या आसपास येतं, आणि त्यांचाही अंदाज तोच, यूट्यूबवर तेव्हा एवढे व्हिडिओ होते. कंपनीने न सांगितलेला आकडा बाहेरून, फक्त सॅम्पलिंगने काढला. मला हे वाचताना तळ्यातले मासे मोजायची पद्धत शिकताना झाला होता तसाच आनंद झाला.

त्या सॅम्पलमधला मधला व्हिडिओ, म्हणजे मीडियन, ३९ वेळा बघितला गेला होता. एकोणचाळीस. आणि दहा हजारांहून जास्त व्ह्यूज असलेले व्हिडिओ ४ टक्क्यांपेक्षा कमी, पण एकूण व्ह्यूजपैकी सुमारे ९४ टक्के त्यांचेच. अशा वितरणात सरासरी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, हे वेगळं सांगायला नको.

ज्युनिअरला हा पेपर पाठवला तर त्याने उलट मला पकडलं. “ताई, यात लोकांच्या साखरपुड्याचे व्हिडिओ पण असणार ना? शाळेच्या गॅदरिंगचे? ते कुठे पैसे कमवायला टाकलेत?” मुद्दा शंभर टक्के बरोबर. गणपतीच्या आधी चिंचपोकळीच्या चिंतामणीचं आगमन बघायला कधी भारतमाता सिनेमाजवळ उभे राहिला असाल तर डोळ्यांसमोर आणा. हजारो हात वर, प्रत्येक हातात फोन. त्यातला कोणी कुटुंबाच्या ग्रुपसाठी शूट करतोय, कोणी सहज, आणि काही जण गिंबल घेऊन, रात्रीच एडिट करून चॅनेलवर टाकायला. दुसऱ्या दिवशी तुम्हाला मोबाइलवर चार-पाच व्हिडिओ दिसतात, लाखांत व्ह्यूज असलेले. सल्ला देणारे या चार-पाचांकडे बघून नियम काढतात. मॅकग्रेडींचा पेपर सगळे फोन मोजतो. ज्युनिअरला हवा आहे तो तिसराच गट: गिंबलवाले सगळे, चाललेले आणि न चाललेले. म्हणजे ३९ हा आकडा यूट्यूबबद्दल खरा असला तरी त्याच्या व्हिडिओचं भाकीत म्हणून वापरता येत नाही. छेद मिळाला, पण दुसऱ्याच अपूर्णांकाचा.

तो तिसरा गट कसा गोळा करायचा यावर आम्ही बराच वेळ घालवला. आगमनाच्या रात्री अपलोड झालेले व्हिडिओ तारखेनुसार सर्च करून नोंदवायचे आणि त्या चॅनेलचा वर्षभर पाठपुरावा करायचा, ही माझी कल्पना होती. अडचण लगेच दिसली, सर्चमध्ये जे आलं ते आधीच चाळून आलंय. सुरुवातीलाच नोंदणी हवी, यश-अपयश कळायच्या आधी. औषधांच्या चाचण्यांत रुग्णाची नोंद आधी होते आणि गुण नंतर मोजतात, तसं.

तोपर्यंत निदान ज्या गोष्टी पक्क्या आहेत त्यांचं गणित करू. जाहिरातीचा वाटा मिळायला यूट्यूबची अट आहे: १,००० सबस्क्रायबर, आणि मागच्या १२ महिन्यांत ४,००० तास बघितलं गेलेलं असणं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सना १ कोटी व्ह्यूज, शॉर्ट्स फीडमधला वेळ त्या ४,००० तासांत धरत नाहीत). ही अट जानेवारी २०१८ पासूनची आहे, त्याआधी ती फक्त १०,००० व्ह्यूजची होती. म्हणून २०१७ च्या माणसाचं ‘तीन महिन्यांत मॉनेटाइझ झालं’ आज ऐकून उपयोग नाही. ४,००० तास म्हणजे २,४०,००० मिनिटं. नेटच्या व्हिडिओवर माणूस सरासरी ४ मिनिटं टिकला असं धरा, तर ६०,००० व्ह्यूज. आठवड्याला एक व्हिडिओ, वर्षाला ५२, म्हणजे प्रत्येकाला साधारण १,१५० व्ह्यूज. अशक्य नाही! मी मोजायच्या आधी अशक्य म्हणत होते. पण इथे फक्त दार उघडतं. पुढच्या वर्षी पुन्हा तेवढेच ६०,००० व्ह्यूज आले आणि तोच हजाराला एक डॉलर दर धरला तर ६० डॉलर, पाच हजार रुपयांच्या आसपास. आणि अॅडसेन्स १०० डॉलर जमेपर्यंत पैसे पाठवत नाही. जेआरएफ महिन्याला ३७,००० आहे, अडकलेली असली तरी. (आणि फेलोशिपच्या अटींमध्ये दुसऱ्या उत्पन्नाबद्दल काय लिहिलंय ते आधी आपल्या संस्थेत विचारा, नंतर नको.)

त्याने तरीही चॅनेल सुरू केलं. मला वाईट वाटलं नाही, कारण मराठीत एन्झाइम कायनेटिक्स समजावणारे व्हिडिओ खरंच कमी आहेत आणि तो छान शिकवतो. आम्ही एक शीट केली. रकाने: तारीख, विषय, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीचे व्ह्यूज, बघितलेली मिनिटं, आणि व्हिडिओवर गेलेले तास. शेवटचा रकाना त्याला नको होता. “तो कशाला?” “प्रबंधाचे तास त्यातूनच जातात म्हणून.” थांबायचं कधी हेही पहिल्या व्हिडिओच्या आधी लिहून ठेवलंय: २६ व्हिडिओंनंतर शेवटच्या दहांचा मीडियन २०० च्या खाली असेल तर बंद. दोनशेच का, याला उत्तर नाही, पण आकडा आधी लिहिला की नंतर तो आपल्या सोयीने सरकवता येत नाही.

तुमच्यापैकी कोणी चॅनेल सुरू करणार असाल तर पहिला व्हिडिओ टाकायच्या आधी मला कळवा, हीच शीट पाठवते. वर्षाने नोंदी एकत्र करू. मध्येच बंद पडलं तर तेही कळवा, ती ओळ शीटमधून काढू नका.