एका खुर्चीची खोली

आमच्या मामांच्या घरी गाणं ऐकायची खोली आहे. टिळकवाडीत, घराच्या मागच्या अंगाला. पूर्वी तिथं शेंगांची पोती रचलेली असायची, उंदीर फिरायचे. आता भिंतींना जाड कापडाच्या चौकटी आहेत, खाली सतरंजी, समोर माझ्या खांद्याला लागतील एवढे दोन स्पीकर आणि बरोबर मध्ये एक खुर्ची. एकच. दुसरी ठेवायला जागा आहे, पण ठेवत नाहीत. "दोन्ही स्पीकरपासून सारख्या अंतरावर डोकं आलं पाहिजे, तरच गाणारा मधोमध उभा राहतो," असं मामा सांगतात. ते खोटं नाही. खुर्ची हातभर डावीकडं सरकवली की गाणाराही डावीकडं सरकतो, मी करून बघितलंय.

मी गेले की मामा ती खुर्ची मला देतात आणि स्वतः दाराशी उभे राहतात. पाहुणचार म्हणून हे केवढं! पण चार वर्षं मी तिथं जाते आहे आणि एकही रेकॉर्ड अखेरपर्यंत ऐकलेली नाही. मामा ब्रशनं तबकडी पुसतात, सुई टेकवतात, आलाप सुरू होतो आणि दोनतीन मिनिटांत त्यांचा हात वर जातो. "ऐकलीस? डग्ग्याची घुमक कुठं संपतीय बघ." मग सुई उचलायची, मागची वायर बदलायची, आणि तेच पुन्हा. एकदा मारवा लागला होता. मारव्यात षड्ज टाळून टाळून गातात, आणि शेवटी तो लागला की ऐकणाऱ्याचा जीव भांड्यात पडतो. गायिका निषाद-रिषभाभोवती फिरत होती, मी श्वास धरून बसले होते, आणि ती षड्जावर यायच्या आत मामांनी सुई उचलली. रिक्षात बसून घरी येईपर्यंत तो षड्ज माझ्या घशात अडकून होता.

मामांना दोष देणं सोपं आहे, म्हणून आधी त्यांची बाजू सांगते. चाळीस वर्षं उद्यमबागेत त्यांनी लेथ चालवला. शतांश मिलिमीटर इकडंतिकडं झाला की माल परत यायचा. अशा माणसाला सुईचा भार दोन ग्रॅमच्या आतबाहेर किती हे छोट्या तराजूवर मोजण्यात आनंद वाटणारच. आणि हे सगळं दिखाऊ म्हणावं तर तसंही नाही. पाहुण्यांना ते किंमत सांगत नाहीत. मामींनाही सांगत नाहीत, हा भाग वेगळा.

एकदा मी धीर करून म्हटलं, "मामा, गाणं राहून जातंय की हो." त्यावर त्यांनी जे विचारलं त्याला माझ्याजवळ त्या दिवशी उत्तर नव्हतं. "तुमचे बुवा स्टेजवर पंधरा-पंधरा मिनिटं तंबोरा जुळवत बसतात, त्याला तुम्ही साधना म्हणता. मिरजेला जवारी काढायला तंबोरा घेऊन जातात, घोडीवर तारेखाली सुताचा धागा केसभर पुढं-मागं करतात. ते चालतंय. मी वीस मिनिटं सुई लावली की वेड काय?"

प्रश्न खरा आहे. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत मी बसलेली आहे. वाळलेल्या भोपळ्याला कान लावून बसलेले कारागीर पाहिलेत. त्यांच्या आणि मामांच्या चेहऱ्यावरचा भाव एकच असतो. मग फरक कुठं? बरेच महिने विचार करून मला एवढंच सुचलं, की तंबोरा दरवेळी त्या त्या रागासाठी जुळवावा लागतो. मालकंस असला तर पंचमाची तार मध्यमावर उतरवायची, मारव्याला निषादावर. तार कुठं लावायची हे गाणं ठरवतं, आणि जुळवता जुळवता गाणाऱ्याचा गळाही त्या रागात शिरतो. मामांची सुई मात्र मालकंसालाही तीच, मारव्यालाही तीच आणि जाहिरातीच्या गाण्यालाही तीच. तिथं लावणं संपतं आणि मग गाणं सुरू होतं. बहुतेक वेळा सुरू व्हायचंच राहतं.

हाच फरक बोलण्यातही दिसतो. मामांच्याकडं यंत्रांची परीक्षणं छापणारी मासिकं येतात, मी ती चाळते. आवाज 'उबदार' आहे, 'पारदर्शक' आहे, मंद्र 'घट्ट' आहे, दोन सुरांमधली शांतता 'काळीभोर' आहे. शब्द वाईट नाहीत. पण ही विशेषणं कुठल्याही गाण्याला लागतात. भीमसेनांचा तोडी उबदार आणि साबणाची जाहिरातही उबदार. आता आमच्याकडं बैठकीला येणारी साधी माणसं काय बोलतात बघा: 'आज गंधार जरा चढाच लावला', 'त्या मींडेत दोन श्रुती हरवल्या', 'दुसऱ्यांदा समेवर आली तेव्हा हसली'. ही वाक्यं दुसऱ्या कुठल्या गाण्याला चिकटवून बघा, चिकटत नाहीत. ज्याची भाषा सगळ्या गाण्यांना सारखी लागू पडते तो माणूस गाणं ऐकतो आहे की काच पुसतो आहे, अशी मला शंका येते.

यंत्राविरुद्ध मी बोलते आहे असं मात्र समजू नका. यंत्र नसतं तर मला गाणं कळलंच नसतं. आमच्या घरात दिवस मावळायच्या आत जेवणं, आणि त्यानंतर बायका घराबाहेर पडत नसत. मैफल म्हणजे रात्रीची गोष्ट. आजोबा, मामा, सगळे पुरुष जायचे; अव्वा नि मावश्या सकाळी त्यांच्याकडून ऐकायच्या, तेही ते सांगतील तेवढंच. अव्वापर्यंत गाणं पोचलं ते धारवाड केंद्रावरून, चुलीजवळच्या फळीवर ठेवलेल्या रेडिओतून. त्याच्या स्पीकरचं कापड फाटलेलं होतं आणि पावसाळ्यात तो खरखरायचा. त्यातून तिनं मल्लिकार्जुन मन्सूर ऐकले, गंगूबाई ऐकल्या. आणि चातुर्मासात ती रेडिओचा त्याग करायची! चार महिने. कुणी मिठाचा करतं, कुणी हिरव्या भाजीचा, हिनं रेडिओ धरला होता. पण भाकरी थापताना गुणगुणणं चालूच. "अव्वा, नियम मोडला की," मी म्हणायचे. "रेडिओ सोडलाय, बाई," ती म्हणायची, "हे माझं मला येतंय."

त्याच्याही आधी आजोबांकडं ग्रामोफोन होता. तीन मिनिटांची तबकडी, आणि पोलादी सुई दर बाजूनंतर बदलायची, नाही तर खाचा खराब. आजोबांना त्याची वेगळीच टोचणी होती. त्या काळच्या तबकड्या लाखेच्या, लाख किड्यांपासून मिळते, आणि श्रावकानं टाळायच्या पंधरा धंद्यांत लाखेचा व्यापार येतो. व्यापार करत नाही, फक्त ऐकतो, अशी पळवाट काढून ते ऐकायचे. अष्टमी-चतुर्दशीला पेटी बंद. घरातल्या थोरांना मी पुष्कळदा हसले आहे, पण आपल्याला सुख देणारी वस्तू कशाची झाली आहे हे त्यांनी विचारलं होतं. मामांच्या मासिकांत तांब्याची शुद्धता दशांशापर्यंत छापतात. ते तांबं कुणी खणलं, ते त्यांत नसतं.

आजोबांच्या त्या पेटीत अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी होती. मापानं पाहिलं तर ते ध्वनिमुद्रण गरीब आहे. तबला पत्र्याच्या डब्यासारखा, तंबोरा जवळजवळ नाहीच, वर सगळीकडं खसखस. मामांच्या खोलीत ती तबकडी कधी लागणार नाही, कारण तिथं दाखवण्यासारखं तिच्यात काही नाही. पण हीच ठुमरी तबकडीवर ऐकून गदगचा एक मुलगा पेटला आणि 1933 साली, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरू शोधायला घरातून पळाला. पुढं सगळा देश त्याला भीमसेन जोशी म्हणून ओळखू लागला. त्या खरखरीतून त्याला जे ऐकू आलं ते तबकडीत होतं यात शंका नाही. आणि खाँसाहेबांच्याच पिढीच्या अल्लादियाँ खाँसाहेबांची तर एकही तबकडी नाही. तरी ते ऐकू येतात, शिष्यांच्या गळ्यातून.

त्यांच्या शिष्या केसरबाई केरकर. गोव्यातल्या केरीच्या. 1977 साली अमेरिकेनं व्हॉयेजर यानं सोडली, त्यांत सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी आहे आणि तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे, साडेतीन मिनिटांची. सोबत सुई आणि कार्ट्रिजसुद्धा ठेवलंय. झाकणावर आकृत्या कोरल्यात: सुई कुठं टेकवायची, तबकडी किती वेगानं फिरवायची. वेळ सांगायला हायड्रोजनच्या अणूचं माप वापरलंय, कारण परक्या ग्रहावर सेकंद कुणाला ठाऊक? मामांना ही हकिगत फार आवडते. माझ्या मनात येतं, समजा उद्या कुणाला ती तबकडी सापडली आणि त्यानं कोरल्याप्रमाणं अगदी अचूक वाजवली, तरी भैरवी शेवटी का गातात हे त्याला कोण सांगणार?

2022 साली यंत्रवाल्यांच्या जगात मोठी खळबळ झाली. मोबाइल फिडेलिटी नावाची अमेरिकन कंपनी जुन्या मूळ टेपांवरून महागड्या तबकड्या काढते. ज्यांना डिजिटल आवाज चालत नाही ती मंडळी या तबकड्या हातोहात घेत. मग उघड झालं की 2011 पासून त्यांतल्या पुष्कळ तबकड्यांच्या मध्ये एक डिजिटल पायरी होती. म्हणजे डिजिटल कानाला टोचतं असं म्हणणाऱ्यांनी तेच डिजिटल अकरा वर्षं डोक्यावर घेतलं होतं. प्रकरण कोर्टात गेलं. मी जरा खवचटपणेच मामांना विचारलं, तुमच्याजवळही आहेत ना? "आहेत की. दोन," मामा म्हणाले. मग थोडं थांबून, "चांगल्या वाजत होत्या, अजून वाजतायत. मी कशाला परत देऊ?" हे उत्तर मला फार आवडलं. फसवलं गेल्याच्या रागापेक्षा कानाला जे पटलं त्याची बाजू घ्यायला प्रामाणिकपणा लागतो. माझी निम्मी टीका त्या दिवशी मला गिळावी लागली.

आपल्या तत्त्वार्थसूत्रानं परिग्रह वस्तूंच्या संख्येत धरलेला नाही, मूर्च्छेत धरला आहे. म्हणजे जीव जिथं गुंतून बेशुद्ध होतो तिथं. हे लहानपणापासून ऐकत आले. मामांच्या खोलीकडं बोट दाखवताना मला माझं कपाट आठवतं. दोनशेवर सीडी, त्यांतल्या कितीतरी वेष्टनासकट. मोबाइलमध्ये साठवलेल्या मैफलींचे तास मोजायचे सोडून दिलेत. अव्वाजवळ एक फाटका रेडिओ होता आणि चार महिने तोही नव्हता. ऐकलेलं जास्त कुणाचं?

मागच्या वर्षी मामांना ऐकू कमी यायला लागलं. तपासणीत निघालं की वरचे आवाज बरेचसे गेलेत. वय एकाहत्तर, त्यात कारखान्यातली चाळीस वर्षं. ज्या झिलईसाठी त्यांनी वायरी बदलल्या ती त्यांच्या कानापर्यंत केव्हापासून पोचत नव्हती कोण जाणे. महिनाभर खोली बंद होती. मामी फोनवर म्हणाल्या, "जेवतात, पेपर वाचतात, बोलत नाहीत." मग श्रवणयंत्र आलं, आणि मामा पुन्हा सुरू झाले. तपासनीस बाईंकडं जाऊन कुठली पट्टी किती वाढवायची यावर तास-तास चर्चा. बोलणं ऐकू येऊ लागलं. गाणं मात्र बिघडलं. ही यंत्रं माणसाच्या बोलण्यासाठी केलेली असतात, तंबोऱ्यासारखा लांब चालणारा सूर त्यांना शिट्टी वाटते आणि ती तो दाबायला बघतात. मामांना तंबोरा थरथरल्यासारखा, पाण्यात बुडवल्यासारखा यायला लागला.

यंदा खाँसाहेबांच्या स्मृतीच्या संगीत सभेला मी त्यांना मिरजेला घेऊन गेले, दर्ग्याच्या आवारात. "कशाला नेतीस, मला काय कळणार हाय," म्हणत आले. मांडी घालता येत नाही म्हणून कडेची प्लास्टिकची खुर्ची दिली, तिला एक पाय आखूड. ध्वनिक्षेपकाला घुईं होती, मागं पोरं, चहावाला. मामांनी आधी श्रवणयंत्राचं बटण दाबून बघितलं, मग पुन्हा दाबलं, मग दोन्ही यंत्रं काढून डबीत घातली आणि खिशात टाकली. खुर्ची सोडून पुढं सरकले, लोकांच्या गुडघ्यांमधून, पार स्टेजच्या पायाशी, आणि तिथं पाय लांब सोडून बसले. शेजारचा म्हातारा दर समेला त्यांच्या मांडीवर थाप मारत होता. अडीच तास मामा उठले नाहीत.

परतीच्या गाडीत यंत्रं पुन्हा कानात. घटप्रभा येईपर्यंत त्या घुईंचंच बोलणं: अर्थिंग चुकलं असणार, मला विचारलं असतं तर पाच मिनिटांत काढून दिली असती. मी हूं हूं करत होते. सुळेभावी गेल्यावर म्हणाले, "तो दुसरा राग कुठला गं? नाव सांगितलं तेव्हा मला ऐकू आलं नाही."